चौघांची सरासरी

३ फेब्रुवारी, सोमवार

हसले सगळे. माझ्याच वाक्याला हसले आणि मला बरं वाटलं. हे आत्ताच लिहून टाकते, नाहीतर नंतर लिहायचं टाळीन.

सकाळची मीटिंग. विषय गेले दोन महिने एकच — गाड्यांची यादी आजही उशिरा निघाली. आमच्या गाड्या डायलिसिसच्या पेशंटना घरून दवाखान्यात नेतात, परत आणून सोडतात. कुठल्या गाडीनं कुणाला कधी घ्यायचं, ती यादी रोज पहाटे मास्तरांचा प्रोग्राम काढतो. साडेपाचला हातात हवी. हल्ली सहा वाजून जातात. तोवर ड्रायव्हर फाटकाशी ताटकळत, पेशंट आपापल्या दारात ताटकळत.

मास्तर उठून उभे राहिले. शाळेत गणित शिकवायचं सोडून त्यांना दहाएक वर्षं झाली, पण उभं राहिल्याशिवाय बोलता येत नाही. "पेशंट वाढलेत. आहे ते मशीन पुरत नाही. वेगवान प्रोसेसरचं मशीन द्या. मी तिसऱ्यांदा मागतोय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी ग्राफ पडद्यावर लावला. महिनाभराच्या सगळ्या पहाटा, एक सरळ रेघ. पंचवीस टक्के!

"मशीन पाऊण रिकामं आहे, मास्तर. पाय पसरून झोपलंय. आता त्याला उठवायचं कसं, ते तुम्ही बघा."

गाड्यांचे मुकादम आमच्या मीटिंगला तोंड वाकडं करून बसतात, तेसुद्धा हसले. मास्तर खाली बसले. चष्मा पुसत राहिले. पुरेसा स्वच्छ होऊनही पुसत राहिले.

वाक्य आधी ठरवलं होतं का? हो. लिफ्टमध्ये.

४ फेब्रुवारी, मंगळवार

लेक म्हणाली, "आई, तू नक्की करतेस काय गं? मैत्रीण विचारत होती, मी सांगितलं काहीतरी कॉम्प्युटरचं."

सांगितलं तिला. आमची मशीनं आमच्या इमारतीत नाहीत. भाड्याची आहेत, क्लाउडवरची. म्हणजे दूर कुठेतरी एक अवाढव्य यंत्र असतं, त्याचे वाटे पाडून एकेक वाटा एकेकाला देतात. हात लावता येत नाही, दिसत नाही. पण प्रत्येक वाटा दर मिनिटाला कळवतो की मी इतका राबलो. ते सगळं डेटाबेसमध्ये साठतं. मी क्वेरी लिहिते — म्हणजे डेटाबेसला नेमक्या शब्दांत प्रश्न विचारते — आणि बघते की कोण दमलंय, कोण रिकामं बसलंय.

"म्हणजे मॉनिटर! फळ्यावर नावं लिहिणारी!"

नवरा खो खो हसला. मीही हसले, जरा उशिरा.

५ फेब्रुवारी, बुधवार

जेवायच्या सुट्टीत मास्तर माझ्या टेबलाशी आले. हात मागे बांधून उभे.

"मॅडम, एक शंका. त्या मशीनला चार प्रोसेसर आहेत ना? चारही सारखेच चालतात का हो?"

"सरासरी आहे ती, मास्तर. सरासरीत सगळं येतं."

"हो. येतं खरं." मग, "मला आत डोकावता आलं असतं, तर तुम्हाला त्रास दिला नसता."

तेही खरं. मशीनच्या आत बघायची मुभा फक्त आमच्या गटाला. बाकीच्यांना मी काढलेला ग्राफ. हा नियम मीच भांडून करून घेतला होता. ज्यानं त्यानं आपापले आकडे काढले की गोंधळ होतो, म्हणून.

डबा उघडा होता, जेवण गार होत होतं. म्हणून तुटक बोलले का? की गणिताच्या मास्तरांना सरासरी शिकवायला मिळाली म्हणून?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

निर्णय झाला. एक मार्चपासून बाहेरून विकत घेतलेला प्रोग्राम. मास्तरांचा करार या महिनाअखेर संपतोय, तो पुढे चालू ठेवायचा नाही. तोवर त्यांनी यादी वेळेवर काढून दाखवली तर फेरविचार. साहेबांना मास्तरांशी काही वाकडं नाही. "माणूस चांगला आहे हो. पण मशीन रिकामं असून काम होत नसेल, तर दोष कुठे आहे ते उघड आहे."

आणि एप्रिलपासून देखरेखीचा सगळा विभाग माझ्याकडे! साहेब म्हणाले, "तुमचे आकडे बोलतात, मॅडम."

नवऱ्यानं आइसक्रीम आणलं. लेकीनं चमचा माइकसारखा धरून माझी मुलाखत घेतली. मजा आली. खरंच आली.

मास्तरांची बायको गुडघ्यांनी अधू आहे. घरात कमावणारे तेच. पन्नाशी उलटलेल्या माणसाला दुसरीकडे कोण घेणार? — पण ते मी ठरवलेलं नाही. मी फक्त आकडा दिला.

१० फेब्रुवारी, सोमवार

यादीला आज भलताच उशीर. मुकादम जिन्यातूनच ओरडत आले, "झोपलेलं मशीन उठलं का, मास्तर?" माझं वाक्य आता खालच्या मजल्यापर्यंत पोचलंय.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मास्तर आज धावतच आले. शर्टाची एक बाही दुमडलेली, एक नाही.

"जमलं! आज सव्वापाचला यादी! मॅडम, तुमचंच बरोबर होतं. मी उगाच मशीनच्या नावानं ओरडत होतो. माझाच प्रोग्राम नको तितका चघळत बसायचा. आतल्या दोन पायऱ्या काढून टाकल्या."

कुठल्या पायऱ्या, हे मी विचारायला हवं होतं. "अभिनंदन!" म्हणाले.

त्यांनी बिस्किटांचा पुडा टेबलावर ठेवला. "तुम्ही तोंडावर सांगितलंत म्हणून डोळे उघडले. नाहीतर मी बसलो असतो हट्ट धरून."

पुडा फोडून सगळ्यांना वाटला. चांगली होती बिस्किटं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मुकादम साहेबांच्या दारात उभे राहून भांडत होते. आख्ख्या मजल्याला ऐकू जात होतं.

"आजी दारात येऊन बसल्या होत्या हो! शाल पांघरून, पर्स मांडीवर घेऊन, तयार! आणि गाडी गेली साधी. उताराची फळी नाही, काही नाही. चाकाची खुर्ची काय टपावर बांधायची? ड्रायव्हर एकटा, त्यानं उचलायला हात घातला तर त्याच म्हणाल्या, राहू दे बाबा, तुझी कंबर जाईल. आणि गेल्या परत आत!"

आजींचा डायलिसिस आज चुकला. उद्याची वेळ मिळालीय म्हणे. पायांना सूज आहे, श्वास लागतोय थोडा.

मास्तरांनी काढलेल्या दोन पायऱ्यांतली एक हीच होती. शेवटच्या क्षणी गाड्यांची अदलाबदल झाली, की प्रत्येक खुर्चीवाल्या पेशंटला फळीची गाडीच मिळाली ना, हे पुन्हा तपासायची. वेळखाऊ पायरी. त्यांनी आज दुपारीच ती परत घातली. म्हणजे उद्यापासून यादी पुन्हा उशिरा.

चहाच्या मशीनपाशी कुणीतरी म्हणालं, घाई नडली मास्तरांना. मी म्हणाले, "हो ना, विचार करायला हवा होता." हे माझं वाक्य. इथे असू दे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मुकादमांना फोन केला. आजींना आज नेलं. बऱ्या आहेत. बरं वाटलं. मला कशाला इतकं बरं वाटावं, असंही वाटलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

 क्रमानं लिहिते.

डेटाबेसची जागा भरत आली होती, म्हणून कच्चा तक्ता उघडला. कितीतरी दिवसांनी. प्रत्येक मशीन दर मिनिटाला एक नाही, चार ओळी पाठवतं — एकेका प्रोसेसरची एकेक. तीन वर्षांपूर्वी हा तक्ता फुगून फुटायला आला होता, तेव्हा मी एक छोटीशी क्वेरी लिहिली. चौघांची सरासरी काढायची, एकच ओळ ठेवायची, कच्च्या ओळी आठवड्यानंतर पुसून टाकायच्या. सगळ्यांनी वाहवा केली होती. तेव्हापासून सगळ्या मशीनांचे सगळे ग्राफ त्या सरासरीवर निघतात.

सहज मास्तरांच्या मशीनची आजची पहाट बघितली.

शंभर. शून्य. शून्य. शून्य.

पुढचं मिनिट — शून्य, शून्य, शंभर, शून्य. त्याच्या पुढचं, पुन्हा तसंच. काम हातोहात बदलत होतं, पण कुठल्याही मिनिटाला एकच जण शंभरावर आणि तिघं ठार रिकामे. भागिले चार — पंचवीस.

मशीन झोपलेलं नव्हतं. मास्तरांचा प्रोग्राम एका वेळी एकाच प्रोसेसरवर चालतो, आणि तो एक जीव तोडून धावत होता. घरात चार माणसं, एक जण राबून मरतोय, तिघं बसलीत, आणि मी खिडकीतून बघून सांगते की या घराला भरपूर निवांतपणा आहे! वेगवान प्रोसेसर मिळाला असता तर यादी वेळेवर निघाली असती. मास्तर नेमकं तेच मागत होते. तीनदा.

आणि ती रेघ! काम करणारं मशीन कधी सरळ रेघेत चालतं का? वर जातं, खाली येतं. महिनाभर पंचविसावर खिळलेली रेघ बघून कुणीही विचारलं असतं की ही हलत का नाही. मी ती मोठी करून पडद्यावर लावली.

"चारही सारखेच चालतात का हो?" — त्यांनी तोंडी विचारलं होतं. माझा डबा गार होत होता.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मी खोटं बोलले नाही. पंचवीस खरंच पंचवीस आहे. पायरी मास्तरांनी काढली, मी नाही. आपला प्रोग्राम एकाच प्रोसेसरवर चालतो हे त्यांना माहीत असायला हवं होतं. निर्णय साहेबांचा.

वर लिहिलंय ते दिवसभर मनात घोळवत होते. कागदावर आल्यावर किती लुळं दिसतंय.

आणखी एक गोष्ट मनात आली, ती लिहिल्याशिवाय सुटका नाही. मास्तरांचा प्रोग्राम महिनाअखेर बंद होणार. त्यानंतर आठवड्यानं कच्च्या ओळी पुसल्या जाणार. म्हणजे मला काही दडवायचंसुद्धा नाही. मी नुसतं बसून राहिले, की माझीच क्वेरी येऊन सगळं झाडून नेईल. मुद्दाम हा विचार केला नाही. भांडी लावता लावता झाला. पण झाला, आणि क्षणभर खांदे हलके वाटले. त्याची जास्त किळस येते.

१९ फेब्रुवारी, बुधवार

साहेबांकडे गेले. सांगायलाच गेले होते, शपथ.

"बरं झालं आलात मॅडम! एप्रिलपासून तुम्हाला कुठे बसवायचं तेच बघत होतो. खिडकीजवळची जागा चालेल?"

"चालेल," मी म्हणाले. आणि परत आले.

चालेल!

२० फेब्रुवारी, गुरुवार

आजही नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मीटिंगमध्ये मास्तर न विचारता उभे राहिले.

"आजींची गाडी चुकली ती माझ्यामुळे. ते मला सगळ्यांसमोर सांगायचं होतं. मशीन पाऊण रिकामं असताना मी मशीनची तक्रार करत राहिलो. आपली चूक शोधायला हवी होती, ती शोधली नाही. मग घाबरलो, आणि नको ती पायरी काढली. मी परवा आजींच्या घरी जाऊन आलो. त्यांनी मलाच पाणी दिलं." मग माझ्याकडे वळून — "मॅडमनी पुराव्यानिशी दाखवलं, म्हणून निदान कळलं तरी."

पंधरा-सोळा माणसं. सगळी माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं. आता सांगायचं, याच्यापेक्षा सोपी वेळ येणार नाही, हे मला त्या क्षणी स्वच्छ कळत होतं. उघडलेल्या तोंडातून निघालं —

"होतं असं कधीकधी."

होतं असं कधीकधी! मी त्यांना माफ केलं! त्यांनी मान झुकवली, आभार मानल्यासारखी. मुकादमांनी पाठीवर हात ठेवला त्यांच्या. साहेब म्हणाले, "सोडा मास्तर, एवढं मनाला लावून घेऊ नका." करार मात्र संपतोय तो संपतोयच.

बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. आरशात बघणं टाळलं. नाटकी वाटेल, पण खरंच टाळलं.

पंचवीसचा आकडा चुकून लागला. आजचं चुकून नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

नवरा इस्त्री करत होता. मी घड्या घालत होते. सगळं सांगितलं. त्यानं इस्त्री उभी करून ठेवली.

"म्हणजे तू खोटं बोललीस?"

"नाही. खरं बोलले नाही."

"ते वेगळं असतं?"

"सोमवारपर्यंत मला वाटत होतं असतं."

त्यानं एक कॉलर सरळ केली. मग म्हणाला, "तुझी बढती जाईल, या भीतीनं गप्प बसलीस का?"

त्यालाही हेच आधी सुचलं. मला वाटलं होतं तो म्हणेल, तू तशी नाहीस. म्हणाला नाही. मीही खूप शोधलं मनात. बढतीची भीती आहे, थोडी आहे. पण खरी भीती वेगळी. त्या ऑफिसात मी म्हणजे जिचं चुकत नाही ती. ते गेलं तर माझ्याकडे तिथे दुसरं काय आहे? लोकांना मी आवडत नाही. माझा भरवसा वाटतो. दोन्ही एकच, असं मी धरून चालले होते.

"आधी त्यांना सांग," तो म्हणाला. "साहेबांना नंतर. आणि फोनवर नको."

लेक दारात कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. काही चिडवलं नाही तिनं. तेही लागलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मास्तर खोके भरत होते. एक कप, दोन पुस्तकं, बायकोनं विणलेलं खुर्चीवरचं आसन. मी लॅपटॉप घेऊन गेले, शेजारी बसले, आणि ओळी दाखवल्या. काही प्रस्तावना केली नाही. धीर सुटला असता.

ते वाचत गेले. बोट पडद्यावर, एकेक ओळ खाली. शंभर, शून्य, शून्य, शून्य. ओठ हलत होते. मग एकदम ताठ झाले.

"म्हणजे... मी बरोबर होतो?"

"हो."

"मशीन खरंच पुरत नव्हतं!"

"नाही. तुम्ही मागत होतात तेच हवं होतं."

चेहरा असा उजळला! रागावतील म्हणून मी तयारी करून गेले होते. आनंदाची तयारी नव्हती. त्यांनी तिथल्या तिथे बायकोला फोन लावला. "अगं, माझं डोकं चालतंय अजून! नाही, नाही, मॅडम इथेच आहेत, त्यांनीच शोधून काढलं. हो, सांगतो." माझ्याकडे वळून, "ती तुम्हाला थँक्यू म्हणतेय."

मी म्हटलं, "मास्तर, थांबा. मी शोधून काढलं नाही. मीच ते पुसत होते."

मग सरासरीची क्वेरी दाखवली. तीन वर्षांपूर्वीची, वर माझं नाव. त्यांनी ती नीट वाचली, एखाद्या मुलाची वही तपासावी तशी. "सुबक लिहिलीय," म्हणाले. मग सहज विचारल्यासारखं, "तुम्हाला कधी कळलं हे?"

"सोमवारी."

"आज?"

"मागच्या."

 मी बघत होते त्यांच्याकडे — ते मनात मागचा आठवडा उलगडत होते. सोमवार, मंगळवार, बुधवार. कुठे येऊन थांबणार ते मला माहीत होतं.

"म्हणजे शुक्रवारी मी उभा होतो तेव्हा..."

"हो."

रागावले नाहीत. आसनाची घडी घातली, खोक्यात ठेवली, परत काढली, परत ठेवली. म्हणाले, "मला वाटतं, बायकोला सांगू नये हे. तिचा फार विश्वास आहे तुमच्यावर. मी घरी सारखं नाव घेतो ना तुमचं."

एवढंच. मग त्यांना फोन आला कुणाचा तरी.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मीटिंग. आज मी उभी राहिले. ग्राफ लावला, मग कच्च्या ओळी लावल्या. सगळं सांगितलं. सरासरी माझी, नियम माझा, आणि मागच्या शुक्रवारी मला माहीत होतं, हेही.  मास्तर खिडकीबाहेर बघत होते.

साहेब थोडा वेळ पेनाचं टोपण काढघाल करत राहिले. मग, "मॅडम, हे असं सगळ्यांसमोर कबूल करायला मोठं मन लागतं." आणि टाळ्या! आधी एक जण, मग सगळे. मला ओरडून सांगावंसं वाटलं, थांबवा! टाळी कसली वाजवताय!

फक्त मुकादमांनी वाजवली नाही. जाताना म्हणाले, "आजींना कोण सांगणार, मॅडम? त्यांच्याही समोर मोठं मन दाखवा एकदा."

मास्तरांचा करार चालू राहणार. बाहेरचा प्रोग्राम रद्द. वेगवान मशीन आजच घेतलं. एप्रिलची जागा कायम आहे, साहेबांनी आवर्जून सांगितलं. मी नको म्हणाले. ते म्हणाले, विचार करा.

नको म्हणताना पुन्हा कुणी टाळ्या वाजवतंय का, हे मी बघितलं. बघितलं खरं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आजींकडे गेले, मुकादमांबरोबर. तळमजल्यावरची खोली. दाराजवळच पलंग, खिडकीत औषधांच्या बाटल्या उंचीनुसार लावलेल्या. सांगितलं, गाडी चुकली ती माझ्यामुळे. प्रोसेसर, सरासरी — काय काय बोलत सुटले. आजींनी शेवटपर्यंत ऐकलं.

"मला काही कळलं नाही बाई," त्या म्हणाल्या. "पण त्या दिवशी मला वाटलं, मी आता ओझं झाले म्हणून विसरले. तसं नव्हतं ना?"

"नाही आजी. तसं नव्हतं."

"मग झालं तर."

मुकादमांबरोबरच गाडीनं परतले. फाटकाशी उतरताना ते म्हणाले, "बरं केलंत."

२७ फेब्रुवारी, गुरुवार

पाच वाजायच्या आत यादी! तपासणीची पायरी धरून, एकही खुर्ची न चुकता. मशीन दणक्यात चाललंय. मास्तरांनी सगळ्यांना बिस्किटं वाटली. माझ्याही टेबलावर दोन ठेवली, शिपायाबरोबर. स्वतः आले नाहीत. येतीलही पुढे. नाही आले, तर त्यांचं काही चुकत नाही.

सरासरीची क्वेरी बंद केली. दुसरी लिहिली, चौघांचे चार आकडे ठेवणारी. जागा जास्त लागेल. लागू दे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

नवी क्वेरी आज सगळ्या मशीनांवर चालवली. हाताशी कच्च्या ओळी होत्या, म्हटलं, एकदा बघून घ्यावं.

मास्तर एकटे नव्हते. एक शंभर, तीन शून्य — आणखी सहा मशीनांवर तसंच. सहाही मशीनांवरची माणसं या तीन वर्षांत कधी ना कधी माझ्याकडे येऊन गेलीत. सगळ्यांना मी ग्राफ दाखवून परत पाठवलं. त्यांतली दोघं आता इथे नाहीत.

एक मुलगी मागच्या वर्षी नोकरी सोडून गेली. निरोपाच्या दिवशी टेबलाशी आली होती. "ताई, बरं झालं तुम्ही दाखवलंत," म्हणाली, "हे काम मला जमणारं नाही, एवढं तरी कळलं."

तिचा नंबर आहे माझ्याकडे.